‘अरे’ म्हणायचं की ‘अगं’? घरच्यांसोबत सहलीला निघण्यापूर्वीची तयारी

बस थांबते, वीस मिनिटं मिळतात आणि सगळं कुटुंब स्वच्छतागृहाकडे निघतं. डावीकडे बायकांची रांग, उजवीकडे पुरुषांची. आखूड केस, ढगळ शर्ट असलेलं एक माणूस कुठल्या रांगेत शिरावं याचा अंदाज घेत थांबलेलं असतं, तेवढ्यात मागून आईचा खणखणीत आवाज येतो, "अगं, इकडे ये, इकडे रिकामं आहे!" चार माना वळतात. इतका वेळ कोणाचं लक्ष नव्हतं, आता सगळ्यांचं आहे.

बाई-पुरुषाच्या ठरलेल्या साच्यात न बसणारं कोणी बरोबर असेल, मग ते ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःला वेगळं मानणारं) असो, नॉनबायनरी (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारं) असो, पुरुषी कपड्यांत वावरणारी मुलगी असो की नखं रंगवणारा मुलगा, तर सहलीतले अवघड प्रसंग बहुतेक वेळा असेच घडतात. परका माणूस दोन सेकंदांत काहीतरी अंदाज बांधून पुढे जातो. तो अंदाज भर गर्दीत मोडतात ते घरचे, तेही मायेपोटी. म्हणून तयारी बॅगेपासून सुरू करू नका, बोलण्यापासून करा.

मराठीची पंचाईत अशी की ‘मी’ आणि ‘तू’ला लिंग नाही, ते क्रियापदात दडलेलं असतं. मी आलो, मी आले. येतोस, येतेस. नुसतं सर्वनाम बदलून इथे भागत नाही. पण याच भाषेत पळवाटाही भरपूर आहेत. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या मागे जातो, त्यामुळे ‘मी तिकीट काढलं’, ‘तू बॅग घेतलीस का’, ‘तू पाहिलंस का’ यांतून बोलणारं किंवा ऐकणारं कोण ते कळत नाही. ‘मी येईन’, ‘मला यायचंय’, ‘तुझं आवरलं का’, ‘चल’, ‘थांब’ हेही सुरक्षित. फसायला होतं ते जेवणे, पिणे, विसरणे, शिकणे अशा क्रियापदांत, कारण ती भूतकाळात कर्त्याला चिकटतात. म्हणून ‘जेवलास का’, ‘जेवलीस का’ सोडून ‘जेवण झालं का’ म्हणावं. ‘तुम्ही आलात का’ आणि ‘आम्ही आलो’ही दोन्हीकडे चालतं. आजीनं नातवंडाला एकदम ‘तुम्ही’ म्हणायला लागावं असं मात्र कोणी सुचवणार नाही. ते ऐकून शेजारचे जास्त वळून बघतील.

हाकेसाठी सगळ्यांत सोपा तोडगा म्हणजे अरे-अगं दोन्ही टाकून नावानं हाक मारणे. नावावरूनच लिंग कळत असेल तर दोन अक्षरी टोपणनाव ठरवावं, आणि ते निघण्याच्या निदान आठवडाभर आधीपासून फोनवर, घरात वापरायला लागावं. जीभ ऐन वेळी वळत नाही.

काय म्हणायचं ते त्या व्यक्तीला विचारूनच ठरवायचं. तेही सुटं विचारायचं: खोलीत काय, रस्त्यावर काय, इतर नातेवाइकांसमोर काय. घरात ‘अरे’ हवं असलेल्याला अनोळखी गावात ‘अगं’च बरं वाटू शकतं, कारण तिथे ते सुरक्षित असतं. यात विसंगती नाही, त्याला व्यवहार म्हणतात. लहान मुलांना मात्र दोन-दोन नियम शिकवू नयेत. ती भर रांगेत नियम मोठ्यानं समजावून सांगतात.

आता स्वच्छतागृहाकडे परत. अमेरिकेत 2015 साली ट्रान्स व्यक्तींचं मोठं सर्वेक्षण झालं, सुमारे 27,700 जणांचं. त्यात 59 टक्क्यांनी सांगितलं की वर्षभरात त्रासाच्या भीतीनं सार्वजनिक स्वच्छतागृह टाळलं. 32 टक्क्यांनी त्यापायी खाणंपिणं कमी केलं, आणि 8 टक्क्यांना मूत्रमार्गाचा किंवा मूत्रपिंडाचा संसर्ग अथवा मूत्रपिंडाचा दुसरा त्रास झाला. सहलीत नेमकं हेच होतं: सकाळपासून पाणी नाही, दुपारी डोकं चढलेलं, आणि घरच्यांना वाटतं की सहलीत रस नाही. स्पायरोनोलॅक्टोन ही पुरुषी हार्मोन दाबणारी गोळी घेणाऱ्यांनी तर पाणी तोडूच नये. या गोळीनं लघवी वाढते आणि शरीरात पोटॅशियम साठतं; उन्हात पाणी कमी पडलं की दोन्ही बाजूंनी फटका बसतो.

उपाय साधे आहेत. गाडी आपली असेल तर दर दोन-अडीच तासांनी थांबा ठरवून टाकावा, म्हणजे कोणाला मागावा लागत नाही. थांबायची जागा मोठी आणि वर्दळीची निवडावी. गर्दीत कोणी कोणाकडे निरखून बघत नाही. दाराशी एकच माणूस बसलेली छोटी जागा जास्त अडचणीची. संग्रहालयं, रुग्णालयं, मोठी दुकानं, विमानतळ इथे कुटुंबासाठी किंवा अपंगांसाठी वेगळी एकांडी खोली बऱ्याचदा असते. लहान मूल बरोबर असेल तर कुटुंबाच्या खोलीत जायला निमित्त आपोआप मिळतं. अपंगांची खोली वापरावी लागली तर झटपट बाहेर यावं, बाहेर खरंच कोणी थांबलेलं असू शकतं.

पुरुषी दिसणाऱ्या मुलीला बायकांच्या बाजूला जायचं असेल तर बहीण, आई, मावशी अशा कोणाबरोबर बोलत बोलत आत शिरणं कामी येतं. दिसण्याआधी आवाज पोचतो आणि अर्ध्या शंका तिथेच विरतात. विषय कुठलाही चालेल, फक्त तो ‘मुलगीच आहे हो’ असा खुलासा नसावा. न विचारता खुलासा केला की भांडणाला आमंत्रण.

पुरुषांच्या बाजूला जाणाऱ्याचं गणित वेगळं. तिथे कोणी बोलत नाही, कोणी बघत नाही. सरळ बंद कप्प्यात जायचं, कडी लागते का ते आधी पाहायचं. अडचण असते ती दोन गोष्टींची. पाळी सुरू असेल तर पुरुषांच्या कप्प्यात कचऱ्याचा डबा बहुधा नसतो. म्हणून गडद रंगाची, चेन असलेली छोटी पिशवी आणि आत दोन-तीन कागदी पाकिटं खिशात असावीत; वापरलेलं पॅड त्यात घालून बाहेर आणायचं. पॅडचं वेष्टन फाडल्याचा आवाज शांत जागेत फार मोठा वाटतो, ते आधीच काढून ठेवावं. दुसरी गोष्ट उभ्यानं लघवी करायच्या नरसाळ्याची. ते सहलीत पहिल्यांदा वापरायचंच नाही. धार नळीतून जाते त्यापेक्षा वेगानं वाटीत भरते आणि मागून सांडते; थांबत थांबत सोडायची सवय लागायला घरी आंघोळीच्या वेळचे आठ-दहा प्रयत्न लागतात. वापरून झालं की झटकून, पाण्यानं विसळून बंद पिशवीत.

विमानानं जायचं असेल तर तिकिटावरचं नाव आणि लिंग पासपोर्टप्रमाणेच भरावं. दिसण्याप्रमाणे किंवा मनाप्रमाणे भरायची ही जागा नाही. जुळलं नाही तर काउंटरवर सगळं कुटुंब अडकतं. पासपोर्टचा आंतरराष्ट्रीय नमुना एम (पुरुष), एफ (स्त्री) आणि एक्स (लिंग नमूद नाही) या तिन्ही नोंदींना मान्यता देतो. तरी सगळ्या तिकीट-फॉर्मांत एक्सचा पर्याय नसतो आणि सगळे देश तो सारखाच स्वीकारतात असंही नाही. अशा वेळी आधी विमान कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्यावं. फोटोतला चेहरा आणि आजचा चेहरा यांत दाढीचा किंवा केसांचा मोठा फरक पडला असेल तर अलीकडच्या फोटोचं दुसरं ओळखपत्र जवळ ठेवावं.

सुरक्षा तपासणीचं यंत्र का वाजतं ते समजून घेतलं की निम्मी धाकधूक जाते. शरीर तपासणाऱ्या काही यंत्रांत चालवणारा माणूस नुसतं बघून स्त्री किंवा पुरुष असं बटण दाबतो आणि यंत्र त्या साच्याशी शरीर ताडून पाहतं. छातीपाशी किंवा जांघेपाशी फरक दिसला की पडद्यावरच्या बाहुलीवर चौकोन उमटतो. त्याचा अर्थ ‘हात लावून तपासा’ एवढाच. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं घट्ट अंतर्वस्त्र), सिलिकॉनचं पॅकर (चड्डीत पुरुषी उभार दिसावा म्हणून ठेवायची वस्तू), छातीचे पॅड यांनी चौकोन उमटू शकतो. धातूची चेन किंवा हुक असेल तर साधी चौकटही वाजते. म्हणून प्रवासाच्या दिवशी हुक नसलेला बाइंडर घालावा किंवा त्या दिवसापुरता नुसता घट्ट बनियन. पॅकर कापडी पिशवीत घालून सामानात. हातानं तपासणी होणार असेल तर आडोशाची खोली आणि सोबत घरचं एक माणूस मागता येतं, आणि मागावं. सोबत कोण येणार ते आदल्या रात्रीच ठरलेलं असावं. रांगेत तरी घरच्यांनी त्या व्यक्तीच्या पुढेमागे राहावं. सगळे पुढे जाऊन पट्ट्याशी बुटांची वाट बघत बसतात आणि मागे काय चाललंय ते कोणाला कळतच नाही.

हार्मोनची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टवरचंच हवं आणि औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नाव देशोदेशी बदलतं. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) अनेक देशांत नियंत्रित औषध आहे, तेव्हा सहलीपुरतंच न्यावं आणि सुया असतील तर चिठ्ठीत त्यांचाही उल्लेख असावा. इस्ट्रोजेनच्या (स्त्री-हार्मोनच्या) गोळ्या घेणाऱ्यांनी लांब प्रवासात दर तासा-दीड तासानं उठून चालावं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांनी थोडा वाढतो आणि बसून राहिल्यानंही वाढतो.

टेस्टोस्टेरॉनच्या जेलबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण इथे प्रश्न कुटुंबातल्या लहानग्यांचा आहे. हे जेल त्वचेवरून दुसऱ्याच्या त्वचेवर जातं. मोठ्यांच्या अंगावरचं जेल लागून लहान मुलांमध्ये वेळेआधी वयात येण्याची लक्षणं दिसल्याचं आढळल्यावर 2009 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. घरी आपली खोली वेगळी असते, सहलीत भाचा त्याच गादीवर लोळत येतो. जेल लावून पूर्ण वाळू द्यायचं, वरून कपडा घालायचा, हात साबणानं धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. मूल उचलून घ्यायचं असेल तर ती जागा आधी धुवायची. पोहण्याआधी किती वेळ थांबायचं ते उत्पादनानुसार बदलतं, साधारण 2 ते 5 तास. आतल्या कागदावर लिहिलेलं असतं.

कपड्यांत सगळ्यात जास्त चुका बाइंडरच्या होतात. एरवीचा नियम दिवसाला आठ तासांहून जास्त नाही आणि झोपताना कधीच नाही. सहलीत सकाळी सहाला घातलेला बाइंडर रात्री अकराला निघतो, कारण मधे काढायला जागाच मिळत नाही. त्यात ऊन, चढण आणि जड पाठपिशवी. बरगड्या दुखणं, बोटांना मुंग्या, धाप, चक्कर यांतलं काहीही झालं तर तिथेच काढायचा. गाडीत चादर धरून काढावा लागला तरी चालेल. घामानं ओला झालेला बाइंडर डोक्यावरून निघत नाही, हात अडकतात. तो खाली कमरेवरून सरकवून पायांतून काढायचा. घालतानाही पायांतून वर ओढला तर अरुंद कप्प्यात जमतं. काखेत शिवण घासत असेल तर उलटा घालावा, बाहेरून काही कळत नाही.

बाइंडरपासून सुटीचे दिवस कार्यक्रमातच धरावेत. चढणीच्या आणि लांब प्रवासाच्या दिवशी मापाची स्पोर्ट्स ब्रा, वर बनियन, त्यावर छापील किंवा गडद रंगाचा जाडसर उघडा शर्ट. नजर छापावर अडकते, छातीवर नाही. बाइंडर दोन न्यावेत. एक हातानं थंड पाण्यात धुतला की दमट हवेत रात्रभरात वाळेलच असं नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळला तर बरंच पाणी निघतं, आणि काकांसोबतच्या न्हाणीघरात उघड्यावर टांगायचा नसेल तर कपाटात हँगरला, वरून शर्ट घालून. पट्टी बांधायची लवचीक बँडेजं कधीच वापरू नयेत. ती श्वासागणिक आवळत जातात.

छाती सपाट करायला बाइंडरऐवजी चिकटपट्टी वापरणाऱ्यांनी खेळाडू वापरतात ती कापडी पट्टी घ्यावी. आधी एक तुकडा चोवीस तास लावून त्वचा काय म्हणते ते पाहावं. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, स्तनाग्रावर न चिकटणारी चकती ठेवायची, आणि दोन्ही टोकांचे दोन-तीन सेंटिमीटर अजिबात न ताणता चिकटवायचे. फोड बहुधा टोक ताणल्यामुळे येतात. छातीभोवती पूर्ण वेढा द्यायचा नाही. काढताना तेल लावून पंधरा मिनिटं भिजू द्यायचं आणि त्वचा दाबून धरून पट्टी हळूहळू सोलायची. घाईत खेचली तर सालटं निघतं आणि पुढचे दिवस बाइंडरही घालता येत नाही.

पोहण्याच्या तलावात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी हा पोशाख आता इतका सर्रास दिसतो की त्यावरून कोणी काही ठरवत नाही. उन्हाचं निमित्तही तयारच असतं. आत बाइंडर हवाच असेल तर जुना, सैल झालेला घ्यावा, कारण ओलं कापड आवळतं आणि क्लोरीननं लवचीक धागा खराब होतो. खोल पाण्यात आणि सूर मारताना तोही नको. तलावाचे नियम आधी विचारावेत, काही ठिकाणी ढगळ कपडे चालत नाहीत. कपडे बदलायला खोलीवरच जायचं, सगळ्यांनीच. एकट्यानं गेलं की ते वेगळं दिसतं.

दाढीची निळसर झाक लपवायची असेल तर आंघोळीनंतर केसांच्या दिशेनं दाढी करावी आणि लाली उतरायला वीस-तीस मिनिटं द्यावीत. मग उन्हाचं मलम, ते मुरल्यावर नारिंगी छटेचा पातळ थर, त्यावर त्वचेच्या रंगाचा. नारिंगीमुळे निळं मरतं. नुसता त्वचेचा रंग जाड थापला तर राखाडी दिसतो. केस काढायचं लेझर चालू असेल तर आधीचे आणि नंतरचे काही आठवडे ऊन टाळायचं असतं, ती तारीख सहलीच्या तारखेशी ताडून घ्यावी. कृत्रिम धाग्याचा केसांचा टोप वाफेनं, शेकोटीनं कुरळून जातो. नेलपेंट लावणाऱ्या मुलानं रिमूव्हरचे दोन-चार पॅड पाकिटात ठेवावेत. वापरावे लागणार नाहीत कदाचित, पण ते जवळ आहेत म्हणून नखं निर्धास्त रंगवता येतात.

खोल्यांचं वाटप नेहमी ‘मुली इकडे, मुलगे तिकडे’ असं होतं. ते आधीच मोडून कुटुंबवार करावं. कोणी कोणाबरोबर झोपायचं यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे रोज निदान एक तास आतून कडी लावता येईल अशी खोली. हॉटेलात सगळ्यांची ओळखपत्रं एकानंच गोळा करून द्यावीत, म्हणजे काउंटरवरून जुनं नाव मोठ्यानं पुकारलं जात नाही.

परदेशात कायदा बघायचा तो पोशाखाबद्दलचाही. समलिंगी संबंधांचा कायदा वेगळा आणि ‘दुसऱ्या लिंगाची नक्कल’ करण्याचा वेगळा. ओमानच्या 2018 च्या दंडसंहितेत पुरुषानं बायकांच्या वेशात दिसणं हा गुन्हा आहे. मलेशियात राज्यांच्या शरिया कायद्यांत मुस्लिमांसाठी अशी कलमं आहेत. कुवेतमध्ये असंच एक कलम होतं, ते तिथल्या घटनात्मक न्यायालयानं 2022 साली रद्द केलं. विमान बदलायला थांबणार असाल तो देशही या हिशोबात धरावा. विमान चुकलं तर तिथे रात्र काढावी लागते.

कोणी टक लावून बघत असेल तर काही करू नये, टक लावणाऱ्याला दहा सेकंदांत कंटाळा येतो. कोणी थेट विचारलंच की मुलगा की मुलगी, तर आमच्या मते सर्वांत उत्तम उत्तर म्हणजे, "आमच्या घरातलं माणूस आहे. काही काम होतं का?" ‘घरातलं माणूस’ नपुंसकलिंगी आहे, खरं आहे, आणि पुढच्या प्रश्नाला जागा ठेवत नाही. कोणी वाट अडवली, मोबाइल काढून चित्रण सुरू केलं, तर वाद न घालता उजेडाच्या, वर्दळीच्या जागी किंवा काउंटरपाशी जावं. कामं आधी वाटलेली असावीत: एकानं बोलायचं, एकानं त्या व्यक्तीला घेऊन निघायचं, एकानं मुलं आणि सामान सांभाळायचं. बोलणारा माणूस घरातला सर्वांत थंड डोक्याचा हवा, सर्वांत मोठा नव्हे. वडिलांनी कोणाची कॉलर धरली की ज्याच्यासाठी धरली त्यालाच पोलिसांसमोर ओळखपत्र दाखवत उभं राहावं लागतं. ‘निघायचं’ याच्यासाठी एखादा साधा शब्द ठरवावा, तो ऐकला की कारण न विचारता उठायचं. कारण संध्याकाळी खोलीत विचारता येतं.

राहिले फोटो. प्रवासात मोकळेपणानं घातलेला झगा किंवा शर्ट दूरच्या आत्यापर्यंत पोचतो तो कुटुंबाच्या ग्रुपवरून, बहुधा त्याच रात्री. म्हणून सगळे फोटो आधी एकाच अल्बमात टाकावेत, त्या व्यक्तीनं पाहून ‘हे चालतील’ म्हणेपर्यंत ग्रुपवर काही जाऊ नये, आणि फोटोखाली नाव लिहायचं तर ठरलेलं टोपणनावच. नकार आला तर फोटो कापून पाठवू नये. खांद्यावरचा कापलेला हात सगळ्यांना दिसतो, आणि कोणाचा ते विचारणारे फोन दुसऱ्या दिवशी सकाळीच येतात.